लाकडी बंदुका आणि उसनं रडणं

तेरेक-बुलाक गावात कुणाच्या घरचं माणूस गेलं की बोलावणं आधी मुल्लाला जातं, पण वाट बघतात ती उलकानची. मुल्ला आला की मयताची सोय होते, उलकान आली की मागे राहिलेल्यांची. अंगणात नमद्याचा, लोकर लाटून केलेल्या जाड कापडाचा, तंबू उभा राहतो, आत बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि उलकान त्यांच्यात बसून, कमरेवर हात ठेवून कोशोक सुरू करते. कोशोक म्हणजे मेलेल्याशी बोलत बोलत, तिथल्या तिथे रचत म्हटलेलं शोकगाणं. ते सुरू झालं की बाहेर काठीवर रेलून उभे राहिलेले पुरुष, मयताशी जन्मभर बांधावरून भांडलेले सुद्धा, टोपीत तोंड खुपसतात. दगडाला पाझर फुटावा असा बाईचा गळा.

एरवी मात्र तिच्याकडे बघून कुणाला रडू यायचं नाही. ठेंगणी, गोल, बोलायला फटकळ. सरकारी कळपाच्या मेंढ्या कातरण्यात तरुणपण गेलं, कळप मोडला तेव्हा नमदे लाटायला लागली. नवरा शार्शेन ट्रॅक्टर चालवायचा. त्याचा साखळीपट्ट्यांचा जुना ट्रॅक्टर अजून दारात उभा होता, आणि तो सुरू झाला की अख्ख्या गावाला कळायचं. ‘माझ्या घरात दोनच आवाज,’ शार्शेन म्हणायचा. ‘एकाला डिझेल लागतं, दुसऱ्याला मयत.’

या ट्रॅक्टरमुळेच सिनेमा त्यांच्या घरात शिरला.

शरद ऋतूत, बटाटे काढून झाल्यावर, बिश्केकहून मेदेर नावाचा पोरगा एक खटारा गाडी, एक कॅमेरा आणि चार सोबती घेऊन आला. त्याची आई याच गावची, म्हणून गावाने त्याला भाचा मानलं आणि भाच्याचे लाड सुरू केले. त्याला जर्मनांशी झालेल्या मोठ्या लढाईवर सिनेमा काढायचा होता. गावातला तेमिर नावाचा एकुलता एक मुलगा मॉस्कोजवळच्या बर्फात लढतो आणि मरतो, इकडे आई वाट बघते, अशी गोष्ट. आता सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आणि लढाई तर सगळी पैशाचीच असते.

मेदेरने तरी आणलं. बंदुका शाळेच्या सुताराकडून लाकडाच्या करून घेतल्या. शार्शेनच्या ट्रॅक्टरला प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या, पुढे पाण्याचा पाइप बसवला, मागे दोन टायर जाळले आणि धुरातून रणगाडा निघाला. बर्फ म्हणून कातरलेली लोकर अंथरली. गावची पोरं सकाळी सोव्हिएत सैनिक व्हायची आणि दुपारी कोट उलटे करून जर्मन. तोंडं सगळी आपली, गालफडं वर आलेली, म्हणून जर्मनांना पाठीमागूनच दाखवायचं ठरलं. बॉम्ब फुटला की पिठाची पोती उडवायची असं मेदेरच्या मनात होतं. पण पीठ मातीत टाकणार म्हटल्यावर गावच्या म्हाताऱ्यांनी काठ्या उचलल्या, तेव्हा पिठाऐवजी चुना आला. मग हल्ला करणारी पोरं खोकत खोकत हल्ला करायला लागली.

‘हे बघ भाच्या,’ शार्शेन रणगाड्यावरून ओरडायचा, ‘मी आता डावीकडे वळणार नाही. डावीकडे वळलो की हिटलरचा पाइप पडतो.’

उलकान कुंपणापाशी उभी राहून पोटभर हसायची. आणि एका सकाळी मेदेर तिच्याकडेच आला.

‘आपा, तेमिरच्या आईचं काम तुम्ही करायचं. बोलायचं काही नाही. दूध काढायचं, वाट बघायची, आणि शेवटी एक कोशोक.’

‘कुणाचा?’

‘तेमिरचा.’

‘मेला कुठंय तो?’

‘सिनेमात मरतो ना, आपा.’

‘सिनेमात मेलेल्याचा कोशोक सिनेमातल्या बाईकडून म्हणवून घे.’

‘तुम्हीच सिनेमातली बाई! शब्द काहीही चालतील, नुसतं रडा.’

‘शब्द काहीही चालत असते तर गाढवानं सुद्धा कोशोक म्हटला असता,’ उलकान म्हणाली. पण भाचा तो. शिवाय खरं सांगायचं तर कॅमेऱ्याचा मोह तिलाही होता. दूध काढण्याचं आणि वाट बघण्याचं काम तिने असं केलं की मेदेर रोज तिचे हात धरून डोळ्यांना लावायचा. त्याच्याकडे लढाईपुरते पैसे नव्हते, म्हणून तो पुन्हा पुन्हा तिच्याच दारात येऊन बसत होता. ठिणगी पडलेला नमदा हळूहळू पसरत जळावा तसा त्याचा सिनेमा रणांगण सोडून उलकानच्या अंगणात पसरत चालला होता.

शेवटी कोशोकचा दिवस आला. तंबू उभा राहिला, शेजारणी काळे रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि उलकान तंबूच्या दाराशीच अडली. ज्या घरात मयत नाही तिथे कोशोक म्हणू नये हे तिला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं. जिवंताचं नाव घेऊन म्हटला तर तो त्याला लागतो. आणि गावात तेमिर तिघे, तिघेही धडधाकट. त्यातला एक तर त्या घडीला बाहेर जर्मन म्हणून मरून पडला होता आणि सूर्यफुलाच्या बिया खात होता.

‘नाव बदल,’ ती मेदेरला म्हणाली.

‘नाही बदलता येणार, आपा. सगळ्या सिनेमाभर त्याला तेमिर म्हणूनच हाक मारलीय.’

मग तिला एक पळवाट सुचली. नवा कोशोक रचला तर तो मालक शोधत हिंडेल. पण आधीच कुणाचा झालेला, ज्याचा धनी केव्हाच जमिनीखाली आहे असा कोशोक म्हटला तर? त्याला शोधायला कुठे जावं लागणार नाही. वर नाव कुणाचंही घाला, तो आपल्या माणसाकडेच जाईल. ही पळवाट तिला फार हुशारीची वाटली, आणि असा कोशोक तिच्याजवळ एक होता.

एर्मेकचा. एर्मेक म्हणजे तिच्या थोरल्या जावेचा, झूराकानचा, एकुलता एक मुलगा. सोव्हिएत फौजेतून अफगाणिस्तानात गेला आणि जस्ताच्या पत्र्याच्या बंद पेटीत परत आला. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. तेव्हा उलकान घरातली तरुण सून. ती झूराकानची कंबर घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि एरवी चार वाक्यं धड न बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून तेव्हा जे निघालं ते उलकानने आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. तिचा स्वतःचा सगळा गळा, सगळं नाव त्या एका दुपारवर उभं होतं. त्या दुपारीच तिला कळलं होतं की कोशोक म्हणजे काय.

तिने डोळे मिटले, हात कमरेवर ठेवले आणि म्हटलं:

*खुंटीवरचा लगाम आता खाली कोण घेईल, तेमिरीम,*
*शिंगराच्या मानेवरून हात कोण फिरवील?*
*टाचेपाशी विरलेला मोजा मी शिवून ठेवलाय,*
*एकच इथं राहिलाय रे, दुसरा कुठं ठेवलास?*

मूळचं ‘एर्मेगीम’, माझ्या एर्मेका. तिथे ‘तेमिरीम’ अगदी मापात बसलं. पेटीचं कडवं तिने गाळलं, कारण सिनेमातला मुलगा परतच येत नाही. शेजारणी खोटं रडायला बसल्या होत्या त्या खरंच रडायला लागल्या. बाहेरचा जर्मन बिया टाकून उठून बसला.

पण मेदेरकडे कॅमेरा एकच. समोरून घेतलं, मग बाजूने घ्यायचं होतं, मग नुसते हात, मग शेजारणी, मग मधेच गाय हंबरली म्हणून पुन्हा समोरून. मावळतीपर्यंत उलकान म्हणत राहिली. तेमिरीम, तेमिरीम. शेवटी शेवटी तर गळा आपणहून चालत होता आणि ती मनात चुलीवर काय ठेवायचं ते ठरवत होती.

अंगण रिकामं झाल्यावर शार्शेन तंबूच्या दोऱ्या सोडायला लागला.

‘तो मोजा मी ऐकलाय,’ तो एकदम म्हणाला.

‘कुठला मोजा?’

‘उलकान, मी त्या दिवशी काठीवर रेलून तंबूच्या बाहेरच उभा होतो. कान फुटले नव्हते माझे. तो वहिनींचा कोशोक आहे. एर्मेकचा.’

‘मग? त्यालाच पोचला. नुकसान कुणाचं झालं?’

‘माझा रणगाडा प्लायवूडचा होता, सगळ्या जगाला माहीत आहे. तू मात्र लाकडी बंदुकीच्या मयतावर खरं रडणं घातलंस. तेही दुसऱ्याच्या घरातून उचलून.’ आणि दोरी गुंडाळत, ‘सिनेमा मे महिन्यात, विजयदिनाला, इथंच दाखवणार आहेत. त्या येतील. त्याआधी जाऊन सांग.’

उलकानने त्याला दोन शब्द सुनावले, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

हिवाळाभर ती सांगायला जात राहिली. झूराकानचं घर दोन अंगणांपलीकडे. एकदा सायीचं भांडं घेऊन गेली. थोरली जाऊ म्हणाली, ‘ये गं केलिन, बस.’ उलकानची साठी उलटली होती, नातवंडांना मिशा फुटायला आल्या होत्या, पण थोरल्या जावेला ती अजून केलिनच, नवी सूनच. सायीचं भांडं रिकामं झालं, गोष्ट तोंडातच राहिली. एकदा तिचे गुडघे चोळून द्यायला गेली. तेल संपलं, शब्द नाही फुटला. एकदा तर दारातूनच परतली, कारण आत झूराकान भिंतीवरच्या फोटोतल्या गणवेशातल्या पोराची धूळ रुमालाच्या टोकाने पुसत होती.

‘सांगितलंस?’ शार्शेन विचारायचा.

‘त्यांना ताप होता.’

‘ताप त्यांना होता की तुला?’

मनात चोर शिरला की माणूस स्वतःच्याच सावलीला दचकतो. वसंतात गावात दोन म्हातारी माणसं गेली. उलकानला बोलावणं आलं, ती गेली, पण तंबूत बसल्यावर झूराकान शेजारी आहे म्हटल्यावर तिचा गळाच बसला. लोक म्हणाले, आता वय झालं. तिला वाटलं, वय नाही, हे चोरीचं फळ आहे. आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं.

विजयदिनाला दुपारी सांस्कृतिक भवनात झाडून सगळं गाव जमलं. झूराकान काठी टेकत आली आणि थेट उलकानच्या शेजारी बसली. ‘माझ्या केलिनला पडद्यावर बघायला आलेय,’ ती शेजारणीला म्हणाली. उलकानने सरकून तिला जागा दिली.

पडद्यावर लढाई सुरू झाली आणि भवनात हशा पिकला. पहिल्या रांगेत इसाबेक मास्तर बसले होते, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. प्रत्येक चूक मोठ्याने सांगणं त्यांना देशसेवा वाटत होतं.

‘मॉस्कोजवळ विजेचा खांब! त्यावर आमच्या गावचा नंबर!’

‘हा जर्मन आत्ता तर मेला होता!’

‘मास्तर, ते जुळे भाऊ होते,’ मागून कोणीतरी ओरडलं.

‘बर्फाला शेपूट आहे बघा,’ दुसरं कोणी म्हणालं, कारण लोकरीच्या एका गठ्ठ्यात खरंच शेपूट राहिलं होतं. रणगाडा आला तेव्हा तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. शार्शेन उभा राहून छातीवर हात ठेवून चहूकडे वाकला. धूर जरा विरळ झाला आणि प्लायवूडमागून ट्रॅक्टरचं लाल बोनेट स्पष्ट दिसलं. मेदेर दाराशी उभा राहून नखं खात होता.

उलकान प्रत्येक हशाबरोबर देवाचे आभार मानत होती. हसू दे यांना. सगळा सिनेमा भिकार निघू दे, अर्ध्यातून उठून जाऊ दे सगळ्यांना.

पण लढाई संपली आणि पडद्यावर अंगण आलं. दूध काढणारे तिचे हात आले, मोठे, भेगा पडलेले. कॅमेरा त्यांच्यापासून हलेचना. दुसरीकडे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. बाई रस्त्याकडे बघते, आत जाते, चहा ओतते, एक वाटी जास्त मांडते, उचलून ठेवते. वाजवायला वाद्यं नव्हती म्हणून नुसता वारा ऐकू येत होता. हशा केव्हा थांबला कुणाला कळलं नाही. इसाबेक मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला.

मग कोशोक आला. तिचाच आवाज भवनाच्या भिंतींवरून तिच्याच अंगावर आला. *एकच इथं राहिलाय रे, दुसरा कुठं ठेवलास.* भवनात माणसं हुंदके द्यायला लागली. उलकान पडद्याकडे बघत नव्हती, ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून झूराकानकडे बघत होती. आता ती वळेल. आता थुंकेल माझ्यावर. झूराकानचे ओठ किंचित हलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती वळली नाही.

लोक उठले, मेदेरला मिठ्या मारल्या. इसाबेक मास्तर त्याचा खांदा धरून म्हणाले, ‘पोरा, लढाई तुला अजिबात जमली नाही. पण लढाईत काय जातं ते तू दाखवलंस.’ उलकान कुणाचीही शाबासकी न घेता जावेला धरून बाहेर पडली.

झूराकानने तिला घरात बसवलं, चहा ओतला, रोटी मोडून पुढे ठेवली. बाहेर उन्हं कलत होती.

‘केलिन,’ ती म्हणाली, ‘काय म्हटलंस गं ते. काळीज पिळून निघालं. कुठून सुचतं तुला?’

उलकानने वाटी उचलून तोंडाला लावली.

‘खरं सांगू? मला आज हेवा वाटला. त्या नसलेल्या पोराचा हेवा. माझ्या पोराला असं काही मिळालं नाही. पेटी आली, मला तंबूत नेऊन बसवलं, तेवढं आठवतं. मग आठवतं ते एकदम गवत कापणीचं. मधलं सगळं पुसलं गेलंय. माझ्या जिभेला कुलूप पडलं असणार. लोकांनी कधी विषय काढला नाही, मला वाईट वाटेल म्हणून. पण मला कळतं ना. आई असून मुकी बसले. पोराला नुसतंच मातीत घातलं.’ तिने रोटीचा तुकडा उचलला आणि खाली ठेवला. ‘इतकी वर्षं त्याची माफी मागतेय.’

उलकानला वाटलं, थुंकली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ही बाई असं समजून जगते आहे, आणि तिचं देणं आपल्या पोटात, आपल्या गळ्यात. त्याच्यावर आपण नाव कमावलं, मयताच्या घरी मानाचं मांस खाल्लं, आणि एकदाही तिला म्हटलं नाही की, एजे, थोरल्या जाऊबाई, तुम्ही काय म्हणाला होतात ते ऐकता का.

‘एजे,’ ती म्हणाली, ‘तो माझा नाही.’

‘काय तुझं नाही?’

‘तो कोशोक. तुमचा आहे. तुमच्या पोराला तुम्ही म्हटलात. मी तुमची कंबर धरून बसले होते. शब्दन् शब्द तुमचा. मी चोरला. त्या पोरासाठी, सिनेमासाठी चोरला. नुसतं नाव बदललं.’

झूराकानने वाटी खाली ठेवली. चहावर साय धरली.

‘मी?’ ती म्हणाली. ‘मोजा? मी म्हटलं?’

‘तुम्हीच. पेटीचं सुद्धा एक कडवं होतं. डोकं कुठल्या बाजूला आहे सांग, हात कुठे ठेवू, असं विचारत होतात तुम्ही त्याला. ते मी गाळलं. मला मारा, एजे. काहीही बोला.’

झूराकानने मारलं नाही. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच बसल्या जागी सरकत भिंतीपाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

‘मग म्हण,’ ती म्हणाली. ‘सगळा म्हण. पेटीचं पण म्हण. त्याचं नाव घालून म्हण.’

उलकान तिच्या मागे जाऊन बसली. त्या दिवशीसारखीच तिची कंबर धरली. कंबर आता मुठीएवढी राहिली होती. बसलेला गळा खाकरून मोकळा केला आणि सूर लागला, नीट लागला. खुंटी आली, लगाम आला, आणि नावाच्या जागी तिच्या तोंडून निघालं, ‘तेमिरीम.’

ती थांबली. पुन्हा सुरुवातीपासून धरलं. खुंटीवरचा लगाम आता खाली कोण घेईल... तेमिरीम.

 एर्मेक हे नाव कोशोकमध्ये तिने फक्त ऐकलं होतं, म्हटलं कधीच नव्हतं. त्या घरात सून सासरच्यांची नावं घेत नसे, धाकट्या पोरांची सुद्धा. ती त्याला अक बाला म्हणायची, गोरा पोरगा. तो जिवंत असताना तिने त्याला नावाने एकदाही हाक मारली नव्हती, आणि मेल्यावर त्याच्या गाण्यात मावळतीपर्यंत दुसऱ्याला हाका मारल्या होत्या. गळ्याला तीच वाट पडली होती.

तिने तिसऱ्यांदा सूर धरला. लगामापाशी आली आणि दात आवळून गप्प झाली, कारण काय निघणार ते तिला कळलं होतं.

झूराकान वळली नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती अगदी हळू, चुकल्या मुलाला समजवावं तसं म्हणाली, ‘तो नव्हे गं, केलिन. माझा.’